बल्हारशाहचा ‘शाह’ आणि दुकानाच्या पाटीवरचा ‘शाह’: नाव सारखं, मग नातंही असतं का?

मुंबई-पुण्याचे मित्र बल्लारपूरला यायला निघाले की एक फोन हमखास येतो. ‘अरे, ॲपवर बल्हारशाह दाखवतंय. तिथेच उतरायचं ना?’ हो, तिथेच. गाव बल्लारपूर, स्टेशन बल्हारशाह आणि आम्हा गावकऱ्यांच्या तोंडी बल्लारशा. ही तीन नावं ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. त्यात काही विचारण्यासारखं आहे, असं कधी वाटलं नव्हतं.

वाटलं ते मागच्या महिन्यात. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रील आलं. इराणचे शाह, नेपाळचे शाह, मलाक्काच्या सुलतानांच्या नावातले शाह आणि शेवटी आपल्या बल्हारशाह स्टेशनची पाटी. वर ओळ होती, ‘एकच राजघराणं, हजारो वर्षांचा इतिहास’. काकांनी लगेच हात जोडलेला इमोजी टाकला. बारावीतल्या चुलत बहिणीने मला टॅग केलं, ‘दादा, तू पेपरमध्ये आहेस ना? खरं आहे का हे?’

अर्धं खरं आहे. शब्द एक आहे, घराणं एक नाही. या दोन गोष्टींतला फरक इतिहासाच्या अभ्यासकांपुरता असता तर लेख लिहायची गरज नव्हती. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत नावातल्या सारखेपणावर कॉलेजची सीट अडते, नोकरी अडते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

बल्हारशाह हे नाव आलं कुठून?

चांद्याच्या गोंड राजांची परंपरेने चालत आलेली वंशावळ मेजर लुसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८६९च्या जमाबंदी अहवालात नोंदवली. तिच्यातली सुरुवातीची नावं बघा. भीम बल्लाळ सिंह, खर्जा बल्लाळ सिंह, हीर सिंह. सगळे ‘सिंह’. पुढे येतो सुरजा बल्लाळ सिंह. त्याच्याबद्दलची आख्यायिका अशी की तो दिल्लीत कैदेत पडला, मग तिथल्या बादशहासाठी एक किल्ला जिंकून दिला आणि ‘शेरशाह’ हा किताब घेऊन परत आला. त्याच्यानंतरची नावं आहेत खांडक्या बल्लाळशाह, बाबाजी बल्लाळशाह, रामशाह, नीलकंठशाह. आता सगळे ‘शाह’.

वर्धा नदीकाठचा बल्लारपूरचा किल्ला याच राजांचा. खांडक्या बल्लाळशाहाने राजधानी इथून चांद्याला नेली, असं परंपरा सांगते. गावाने राजाचं ‘बल्लाळ’ ठेवलं, स्टेशनने ‘शाह’ही ठेवला.

दिल्लीची गोष्ट आख्यायिका म्हणूनच घेऊ. पण वंशावळ स्वतःच एक गोष्ट सांगते. घराणं तेच राहिलं आणि किताब बदलला. म्हणजे ‘शाह’ हा रक्तातून आलेला नाही, दरबारातून आलेला आहे. रीलचा पहिला घोटाळा इथेच होतो.

‘शाह’ आपल्यापर्यंत पोहोचला कसा?

या शब्दाचा प्रवास टप्प्याटप्प्याने दाखवता येतो. अडीच हजार वर्षांपूर्वी इराणच्या दारियस राजाने बेहिस्तूनच्या कड्यावर लेख कोरून घेतला. त्यात राजासाठी ‘क्षायथिय’ असा शब्द आहे. तोंडातोंडी झिजत त्याचा ‘शाह’ झाला. कुशाण राजा कनिष्काच्या नाण्यांवर ‘शाओनानो शाओ’ म्हणजे राजांचा राजा असं लिहिलेलं सापडतं. समुद्रगुप्ताच्या प्रयागच्या स्तंभलेखात वायव्येकडच्या राजांचा उल्लेख ‘शाही शाहानुशाही’ असा येतो.

मध्ययुगात फारसी ही दरबाराची भाषा झाली आणि हा किताब दूरवर पसरला. अहमदनगरचे निजामशाह आणि विजापूरचे आदिलशाह आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. पण गढा-मंडल्याचा गोंड राजा संग्रामशाह, राणी दुर्गावतीचा पती दलपतशाह, नागपूर वसवणारा देवगडचा बख्तबुलंदशाह, नेपाळचा पृथ्वीनारायण शाह या सगळ्यांनी तोच किताब लावला. समुद्रापलीकडे मलाक्काच्या सुलतानांनीही १५व्या शतकात तो घेतला.

गोंड, नेपाळी, मलय, तुर्क. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, घराणी वेगळी. आज दहा कंपन्यांत दहा ‘मॅनेजर’ असतात, म्हणून ते एकमेकांचे चुलतभाऊ होत नाहीत. किताबाचंही तसंच असतं.

मग दुकानाच्या पाटीवरचे ‘शाह’ कोण?

कागद कारखाना, कोळशाच्या खाणी आणि रेल्वे जंक्शन यांमुळे बल्लारपुरात देशभरातली माणसं येऊन राहिली. त्यात गुजराती शाह आहेत, बिहारचे साह आणि साव आहेत. हे आडनाव ऐकायला राजाच्या किताबासारखंच, पण मूळ वेगळं. संस्कृतमध्ये ‘साधु’ म्हणजे सज्जन, सचोटीचा माणूस. व्यापाऱ्यालाही तोच शब्द लागला. प्राकृतात ‘साधु’चा ‘साहु’ झाला आणि त्यातून साह, साहू, साव, शाह ही रूपं निघाली.

मराठीलाही हा शब्द परका नाही. आपण ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ म्हणतो, तसंच ‘साव असल्याचा आव’ही म्हणतो. तो ‘साव’ हाच. ‘सावकार’सुद्धा याच कुळातला. म्हणजे बाजारपेठेतल्या शाहांचं नाव भाषेच्या नात्याने आपल्या सावकाराच्या जवळ आहे, किल्ल्यातल्या बल्लाळशाहाच्या नाही. शब्द हुबेहूब सारखे, मुळं दोन.

‘बल्लाळ’चीही तीच तऱ्हा. कर्नाटकात होयसळांचा वीर बल्लाळ, बंगालमध्ये बल्लाळसेन, रायगड जिल्ह्यात पालीचा बल्लाळेश्वर, पुण्यात बाजीराव बल्लाळ आणि आमच्याकडे खांडक्या बल्लाळशाह. रीलला एवढं पुरतं, लगेच रेघा ओढून सगळे जोडले जातात. पण प्रत्येकाची नोंद वेगळं सांगते. बंगालचे सेन राजे आपलं मूळ कर्नाटकात असल्याचं स्वतःच्या शिलालेखात सांगतात, म्हणून तिथे कर्नाटकाचा विचार करायला आधार आहे. बाजीरावांचं ‘बल्लाळ’ हे वडिलांचं, म्हणजे बाळाजींचं, नाव लावण्याची पद्धत आहे. एकाला शिलालेखाचा आधार, दुसऱ्याला वडिलांच्या नावाचा. नुसत्या आवाजाने यातलं काहीच कळलं नसतं.

आशियात अशी आणखी उदाहरणं आहेत का?

भरपूर आहेत आणि ती तीन प्रकारांत बसतात.

पहिला प्रकार, खरोखर प्रवास केलेले शब्द. आपला ‘मंत्री’ मलय भाषेत गेला आणि ‘मेंतरी’ झाला. तिथून पोर्तुगीजांनी तो उचलला आणि चिनी अधिकाऱ्यांसाठी वापरला. त्यातून युरोपात ‘मँडरिन’ हा शब्द रुजला. आज चीनच्या भाषेला जग मँडरिन म्हणतं, त्याच्या मुळाशी आपला मंत्री आहे. ऐकून पटत नाही, पण वाटेतला प्रत्येक टप्पा नोंदलेला आहे.

दुसरा प्रकार, हुद्दा एक पण माणसं वेगळी. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं गडचिरोलीच्या मुलचेरा आणि चामोर्शी भागात वसवली गेली. बंगाली आडनावांत ‘मजुमदार’ आहे, आपल्याकडे ‘मुजुमदार’ आहे. दोन्ही एकाच फारसी हुद्द्यावरून आली. महसुलाचा हिशेब ठेवणारा तो मजमूदार. बंगालच्या नबाबाकडेही तो होता आणि दख्खनच्या दरबारातही. नोकरी सारखी, म्हणून आडनाव सारखं. सोयरीक नाही.

तिसरा प्रकार निव्वळ योगायोगाचा. आपला ‘राव’ हा ‘राजन्’पासून आला. चीनमध्येही ‘राव’ असं ऐकू येणारं आडनाव आहे, त्याचा राजाशी काही संबंध नाही. भामरागडच्या ‘माडिया’ लोकांना इंग्रजी कागदपत्रांत ‘मारिया’ लिहिलं गेलं. ते वाचून गोव्यातली मारिया आठवते, पण ते नाव हिब्रू ‘मिरियम’वरून आलेलं. कोरियन मालिका बघणाऱ्यांना ‘अप्पा’ ऐकून आपलेपणा वाटतो, कारण तिकडे बाबांना अप्पा म्हणतात. रोमन याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९५९मध्ये याचं कारण मांडलं. तान्ह्या बाळाला प, ब, म हे ओठांचे आवाज सगळ्यांत आधी जमतात आणि जगभरचे आईबाप ते आपल्यालाच हाक मारली असं समजतात. त्यामुळे मामा, पापा, बाबा, अप्पा जगात कुठेही सापडतात.

इतके योगायोग घडतात कसे?

इंजिनीअरिंगला संभाव्यता शिकताना एक गणित असतं. एका खोलीत फक्त २३ माणसं असली तरी त्यांच्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. दिवस ३६५, माणसं २३, तरीही. कारण आपण एका ठरावीक माणसाशी तुलना करत नाही, प्रत्येकाची प्रत्येकाशी करतो.

नावांचं तेच. बहुतेक भाषांचं काम काही डझन आवाजांवर भागतं. नावं दोन-तीन अक्षरांची. आशियात भाषा हजारोंनी. प्रत्येक नाव प्रत्येक नावाशी लावून बघितलं तर जुळण्या सापडणारच. न सापडल्या तरच नवल.

कॉम्प्युटरमध्ये ‘साउंडेक्स’ नावाची जुनी पद्धत आहे. अमेरिकेत तिचं पेटंट १९१८चं. सारख्या आवाजाच्या नावांना ती एकच कोड देते, म्हणजे स्पेलिंग चुकलं तरी माणूस शोधता येतो. आम्हाला ती शिकवताना सरांनी बजावलं होतं, कोड जुळला म्हणजे माणूस सापडला असं नाही, तपासायला यादी मिळाली एवढंच. रील बनवणाऱ्यांची गाडी यादी मिळाली की थांबते.

यात आपल्या जिल्ह्याचं काय अडलंय?

आता मुद्द्याकडे येऊ. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत १८व्या क्रमांकावर ‘गोंड’ आहे आणि त्याच्यासोबत पन्नासेक नावं. राजगोंड, माडिया, कोया, माना, मन्नेवार, ओझा, गोंड गोवारी. या यादीत बसणं म्हणजे शिक्षण, नोकरी आणि निवडणुकीतलं आरक्षण. त्यामुळे एकेका अक्षराला जिवाचं मोल आलं आहे, आणि हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही.

२३ नोव्हेंबर १९९४ला नागपुरात हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा गेला होता. चेंगराचेंगरीत ११४ जणांचा जीव गेला. त्यात बायका आणि लहान मुलं मोठ्या संख्येने होती. मागणी होती, यादीतला ‘गोंड गोवारी’ म्हणजे आम्हीच, आम्हाला दाखले द्या. २०१८मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निकाल दिला. १८ डिसेंबर २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गोवारी आणि गोंड गोवारी एक नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं. नागपुरातल्या उड्डाणपुलाला ‘आदिवासी गोवारी शहीद’ असं नाव आहे. पुलावर ‘आदिवासी’ आहे, दाखल्यावर नाही.

हलबा आणि हलबा कोष्टी यांचा वाद विदर्भात कित्येक पिढ्या चालला. २८ नोव्हेंबर २०००ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला, की यादीतलं नाव जसं लिहिलं आहे तसंच वाचायचं, त्यात दुसरं नाव सामावलेलं आहे असं पुराव्याने दाखवता येणार नाही. ‘धनगड’ म्हणजे ‘धनगर’च, लिहिताना ‘र’चा ‘ड’ झाला, हे म्हणणंही उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४मध्ये फेटाळलं. यादीत ‘ओरांव, धनगड’ असं आहे आणि ओरांव ही छोटा नागपूरकडची जमात.

गंमत म्हणजे यादीत ‘माडिया’ही आहे आणि ‘मारिया’ही, ‘मुडिया’ही आहे आणि ‘मुरिया’ही. ड आणि र यांचा घोळ यादी करणाऱ्यांना माहीतच नव्हता असं नाही. जिथे दोन्ही रूपं हवी होती तिथे दोन्ही लिहिली. म्हणूनच जिथे एकच लिहिलंय तिथे दुसरं धरून चालायला न्यायालय तयार होत नाही.

नाव सारखं म्हणून दावा करता येत नाही, हे एक झालं. उलटी बाजूही बघा. चंद्रपूर भागातल्या माना समाजाला सरकार म्हणत होतं, तुमचं नाव गोंडांच्या रकान्यात आहे, तर गोंडांशी नातं दाखवा. सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये सांगितलं की माना ही स्वतंत्र जमात आहे, गोंडांची पोटजमात असल्याचं सिद्ध करायची गरज नाही. म्हणजे यादीत शेजारी लिहिलं म्हणूनही नातं होत नाही.

मग पुरावा कशाला म्हणायचं?

‘ठाकूर’ घ्या. उत्तरेत हा राजपूत जमीनदाराचा किताब, बंगालमध्ये रवींद्रनाथांचं आडनाव, बिहारमध्ये कर्पूरी ठाकूर नाभिक समाजातले आणि महाराष्ट्रात सह्याद्रीच्या पट्ट्यात ठाकूर ही आदिवासी जमात. आडनावावरून काय ठरवणार? तपासणी समित्या मग चालीरीती, देव, लग्नविधी यांचे प्रश्न विचारतात. त्याला आप्तभाव चाचणी म्हणतात. मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्याच प्रकरणात स्पष्ट केलं, की ही चाचणी अंतिम कसोटी नाही. संविधानापूर्वीच्या जुन्या कागदांचं वजन जास्त.

हे मला पटतं. ‘शाह’चा प्रवास आपण नाणं आणि शिलालेख दाखवून सिद्ध केला. तोच नियम माणसांनाही लावावा. पण एक फरक आहे. कनिष्काची नाणी संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. माझ्या मित्राच्या आजोबांची नोंद कुठल्या कपाटात आहे, ते त्यालाच शोधावं लागतं.

राष्ट्रपतींचा जमातींचा आदेश ६ सप्टेंबर १९५०चा. त्याआधीचा कागद म्हणजे आपल्याकडे कोतवाल बुक, दाखल-खारीज रजिस्टर, जुनी बंदोबस्त मिसळ. १९५६पर्यंत आपण मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात होतो. कुठे मराठीत नोंद, कुठे हिंदीत, कुठे इंग्रजीत. लिहिणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलं. गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यातल्या माझ्या हॉस्टेलच्या रूममेटच्या वडिलांच्या दाखल्यावर ‘माडिया’ आहे आणि आजोबांच्या नोंदीत ‘मारिया’. दोन्ही नावं यादीत शेजारी-शेजारी आहेत. तरी हे दाखवून द्यायला तो यादीची झेरॉक्स घेऊन फिरत होता. वैधता मिळाली, पण तोवर दोन परीक्षांचे निकाल अडकले होते. सेमिस्टरला आम्ही प्रोजेक्टच्या फाइल उघडायचो, तो दाखल्यांची.

म्हणून माझं म्हणणं दोन्ही बाजूंना आहे. निवडणूक आली की ‘एक अक्षर बदलून देतो’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी हे आश्वासन देणं थांबवावं. यादी बदलायचा अधिकार संसदेचा आहे, हे त्यांनाही माहीत आहे. त्या एका अक्षरामागे गेलेली माणसं नागपूरच्या स्मारकात आहेत. आणि सरकारला कागदच हवा असेल, तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या १९५०पूर्वीच्या नोंदी स्कॅन करून, मूळ अक्षरासह आणि जुन्या स्पेलिंगच्या सगळ्या रूपांसह, शोधता येतील अशा ठेवाव्यात. साउंडेक्ससारखी पद्धत इथे उपयोगी पडेल. तिने यादी काढायची, निर्णय माणसाने कागद बघून घ्यायचा. यासाठी लागणारं तंत्रज्ञान तिसऱ्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट म्हणून करतात.

वाचकांनी काय करायचं? पुढचं असं रील आलं की तीन प्रश्न विचारा. या नावाचं जुनं रूप काय होतं? ते इथे कुणी आणलं? मधल्या वाटेवर कुठे नोंद आहे का? तिन्हींची उत्तरं मिळाली तर खुशाल फॉरवर्ड करा. एकही मिळालं नाही तर तो योगायोग म्हणून एन्जॉय करा, त्यातही मजा आहेच.

चुलत बहिणीला मी हे सगळं थोडक्यात लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं, ‘म्हणजे आपण इराणचे नाही.’ मी लिहिलं, ‘नाही गं. स्टेशनच्या पाटीवरचा एक शब्द तेवढा तिकडचा.’ मग तिने विचारलं, ‘माझ्या मैत्रिणीच्या आजोबांचं कोतवाल बुक कुठे मिळेल? तिचा फॉर्म भरायचाय.’ त्यावर ग्रुपवर कुणी इमोजी टाकला नाही. तिला मी एवढंच सांगितलं की तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा, आणि आजोबांचं नाव जितक्या प्रकारे लिहिलं गेलं असेल तितक्या प्रकारे शोधायला सांगा.